दुसरी टक्कर

कोलकात्यानं मला पहिलं जे नाव दिलं ते मेंढ्याचं होतं. भेडा. बंगालीत मेंढ्याला तेच म्हणतात, आणि आपण एखाद्याला बैल म्हणतो तसं बावळट माणसालाही तेच म्हणतात. बेहाल्याच्या आमच्या गल्लीत चहावाल्यापासून क्लबातल्या पोरांपर्यंत सगळे मला त्याच नावानं हाक मारायचे आणि मी ओ द्यायचो. महादेव हे माझं खरं नाव फक्त संपतमामा घ्यायचा, आणि तेही चिडला तरच. त्यामुळे माझं स्वतःचं नाव कानावर पडलं की मी हातातलं काम टाकून उभा राहायचो. आजही कुणी बँकेत किंवा दवाखान्यात पूर्ण नावानं पुकारलं की मी आधी घाबरतो, मग उठतो.

आमच्या आटपाडीकडच्या गावांतून घराघरातलं कुणी ना कुणी गलाईला बाहेर पडलेलं असतं. जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडलोट, कानशीचा कीस, असं काय काय येतं, ते मुशीत घालून भट्टीवर वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि चोख सोनं बाजूला काढून द्यायचं, हे आमच्या लोकांचं काम. नववीत मी गटांगळी खाल्ली. त्या दिवाळीला मामा गावी आला होता, आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "ह्याला घेऊन जा बाबा तुझ्यासंगं." मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? बेहाल्यात ट्राम जायच्या त्या मोठ्या रस्त्यापासून आत एक गल्ली, गल्लीत एक दुमजली घर, आणि त्या घराच्या तळमजल्यावर आमची भट्टी. मागच्या खोलीत मी, मामा, दोन पोती कोळसा आणि तेजाबाच्या बरण्या. मामा दुपारनंतर सोनारांकडे फिरायला जायचा तो संध्याकाळी उशिरानं यायचा. मधल्या वेळात भात्याच्या पंख्याची घरघर आणि लांबून येणारी ट्रामची घंटा, एवढीच काय ती सोबत. एकदा मी दिवसभरात एकही शब्द बोललो नव्हतो, आणि रात्री मामानं "जेवलास का" विचारलं तर घशातून आवाजच निघाला नाही. मामाला वाटलं तेजाबाच्या वाफेनं घसा बसला. त्यानं गुळाचा खडा दिला. मी तो मुकाट्यानं चघळला.

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. सगळी गल्ली त्यांना जेठीमा म्हणायची, म्हणजे थोरली काकू. पांढरी साडी, कमरेला किल्ल्या, आणि आवाज असा की शंख त्यांनी फुंकला काय आणि हाक मारली काय, गल्लीच्या टोकापर्यंत एकसारखंच ऐकू जाई. भट्टीच्या धुराबद्दल शेजारचे लोक त्यांच्याकडे सारखी तक्रार घेऊन यायचे. त्या सगळ्यांना एकच सांगायच्या, "धूर माझ्याच घरात आधी येतो ना? मग मी बघेन." आम्हाला मात्र त्या शब्दावर विसंबून राहायची छाती नव्हती. मामा म्हणायचा, "ह्या बाईचं मन आज हाय, उद्या न्हाय. तू आपला खाली मान घालून ऱ्हा." मी तसाच राहत होतो.

त्यांची माझी ओळख भाकरीमुळं झाली. मामा गावाहून ज्वारीचं पीठ आणायचा, आणि ते जपून, सणावारासारखं वापरायचं. मी एका संध्याकाळी भाकरी थापायला बसलो. थाप, थाप, थाप. वरून जेठीमा ओरडल्या, खाली कोण टाळ्या वाजवतंय? मग जिना उतरून आल्या आणि दारात उभ्या राहून शेवटची भाकरी तव्यावर फुगेपर्यंत बघत राहिल्या. एक पाणी लावलेली गरम भाकरी मी त्यांना पुढं केली. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि हिंदीत म्हणाल्या, "अशी खाऊन दात मजबूत होत असतील." त्यानंतर मधूनमधून वरून एखादी वाटी यायची. कधी भोपळ्याची भाजी, कधी डाळ, पावसापाण्याचं मुरमुरे आणि मोहरीचं तेल. वाटी धुऊन परत द्यायला मी वर जायचो तेव्हा दारातूनच द्यायचो. आत ये म्हटलं तरी जायचो नाही. पायाला कोळसा असायचा, आणि आत गेलो तर काहीतरी फुटेल अशी धास्ती.

आता मेंढ्याचं सांगतो. माझ्या आजोबांकडं टकरीचा एडका होता. आमच्या भागात जत्रेला एडक्यांच्या टकरी लागायच्या. समोरासमोर सोडलेले दोन एडके मागे मागे सरकत जातात, मग धावत येऊन कपाळाला कपाळ भिडवतात, आणि तो आवाज नारळ फुटल्यासारखा येतो. आजोबा मला म्हणायचे, "बघ, हनुवटी छातीला लावतो, दात मिटतो, पण डोळं मिटत न्हाय. डोळं मिटलं की हरला." मी लहानपणी कोकरांशी टकरी खेळलेला माणूस. थोरली बहीण अक्का, तिचं माझं डोकं कधी चुकून आपटलं, पाणी शेंदताना, खाली पडलेलं काही उचलताना, की ती लगेच माझे कान धरून दुसरी टक्कर हळूच मारायची. नाहीतर शिंगं येतात. झोपलो असलो तरी उठवून मारायची. भांडणात मात्र मी तिला डोकं मारलं तर ती दुसरी टक्कर देत नसे, आईकडं जाऊन सांगत असे. त्याला शिंगं येत नाहीत. हा नियम आम्हाला कुणी शिकवला नव्हता, तो ठाऊकच होता.

क्लब म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली, आत कॅरम, भिंतीवर फुटबॉलच्या संघांची चित्रं. तिथली पोरं हिंदी सिनेमा बघून यायची आणि हात मागं बांधलेला हिरो खलनायकाला कपाळानं कसा हाणतो याच्या नकला करायची. एकदा मी चहाच्या टपरीवर उभा होतो. कुणीतरी गंमत म्हणून मला सोललेला नारळ दिला, फोड म्हणाला. नारळाला शिरा असतात, कुठल्या जागी आपटला की तडकतो हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं. मी कपाळावर आपटून फोडला. टपरीवर असा हशा झाला, अशा टाळ्या पडल्या की मी घाबरून अर्धा नारळ परत देऊ लागलो. त्या दिवशी माझं भेडा हे नाव पडलं. मग कुणाचा पाहुणा आला की मला बोलावणं यायचं. मी जायचो, नारळ फोडायचो, कपाळ पुसायचो. पोरं पाठीवर थाप मारायची. खोटं कशाला सांगू, त्या थापेसाठी मी जायचो. गणपतीत मामा मला एकदा शहरातल्या मराठी मंडळींच्या उत्सवाला घेऊन गेला होता. तिथं साहेबलोक, त्यांच्या बायका, इंग्रजी बोलणारी मुलं. एका बाईंनी मला मराठीत विचारलं, "कितवीत आहेस?" मी प्रसाद घेतला आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिलो. त्यापेक्षा नारळ बरा होता.

जेठीमांच्या मुलीचं, मिठूदीचं, लग्न त्या हिवाळ्यात झालं होतं. जावई तापसदा, दुर्गापूरच्या कारखान्यात नोकरीला, उंच, चष्म्याचा, हसरा माणूस. सगळे त्यांना जामाईबाबू म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. आपल्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं ताट देतात. बंगाल्यांचं तसं नाही, त्यांना दर वर्षी जावई लागतो. ज्येष्ठात षष्ठीला सासू जावयाला बोलावते, हाताला हळदीचा पिवळा दोरा बांधते, ताडाच्या पंख्यानं वारा घालते आणि मग एवढं खायला घालते की बिचारा दुसऱ्या दिवशी उपाशी राहतो. ही पहिलीच षष्ठी. घरात आठ दिवस आधीपासून गडबड. आंबे, लिची, चिंगडी म्हणजे कोळंबी, दोन मोठे इलिश मासे, दह्याची मडकी. मी पाणी भरून दिलं, बाजाराच्या पिशव्या वर नेल्या, आणि पहिल्यांदाच जेठीमांच्या स्वयंपाकघरापर्यंत आत गेलो.

षष्ठीच्या दुपारी क्लबाची जुनी पद्धत होती, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा फुटबॉलचा सामना. गल्लीत आलेले सगळे जावई लग्न झालेल्यांच्या बाजूला. बिनलग्नाच्यांचा कायमचा कप्तान पल्टूदा, चाळिशी उलटलेला, क्लबाचा सेक्रेटरी. त्याला एक माणूस कमी पडला. "एई भेडा, तू उभा राहा. पायानं काही करू नकोस. वरून आलेला बॉल डोक्यानं मार, एवढंच." पायानं करण्यासारखं मला काही येतही नव्हतं. जामाईबाबूंनी एकदा माझ्या पायातून चेंडू काढून नेला आणि मी असा आपटलो की मैदानाच्या कडेच्या बायकाही हसल्या. मिठूदी हसली, जेठीमा हसल्या. जामाईबाबूंनी हात देऊन मला उठवलं. मीही हसत होतो. हसण्यातला एक होतो म्हणा, किंवा हसण्याजोगा होतो म्हणा, पण होतो त्यांच्यात.

मग कोपऱ्यातून चेंडू आला. मी त्याच्याकडे बघत धावलो, हनुवटी छातीला लावली, दात मिटले, डोळे उघडे. जामाईबाबू पलीकडून उडाले, डोळे मिटून. चेंडू दोघांच्याही वरून निघून गेला. आमची कपाळं भिडली, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी उभा होतो, ते खाली होते, डाव्या भुवईवरून रक्त वाहून पांढऱ्या गंजीवर आलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, मेंढ्यानं मारलं. पल्टूदा म्हणाला, "मघाशी पाडलं त्याचा राग काढला हरामखोरानं. नारळ समजलास का जावयाला?" मी सांगत होतो की मी बॉलसाठी गेलो, पण कुठल्या भाषेत सांगत होतो ते आता आठवत नाही. बहुतेक मराठीत. जेठीमा माझ्या अंगावरून गेल्या, माझ्याकडं न बघता. जामाईबाबूंना रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. ज्या पोरांनी माझ्याकडून नारळ फोडून घेतले होते तीच पोरं आता एकमेकांना सांगत होती की ह्याला टकरीचं ट्रेनिंग आहे, गावात मेंढ्यांशी लढायचा.

मी भट्टीच्या खोलीत जाऊन कोळशाच्या पोत्यावर बसलो. वर माणसांची ये-जा ऐकू येत होती, भांड्यांचा आवाज मात्र नव्हता. सकाळपासून शिजलेलं सगळं तसंच झाकून ठेवलं असणार. मामाला बातमी गल्लीच्या तोंडाशीच कळली होती. तो आला तो दारातच उभा राहिला.

"महादेव."

मी उठलो.

"मुद्दाम मारलंस का?"

"न्हाय मामा. आईशप्पथ."

"माझा इस्वास हाय. पण माझ्या इस्वासाला हितं कोण इचारतंय? आरं, जावई हाय त्यो. पहिल्या सणाचा जावई. जागा गेली तर भट्टी कुठं मांडू मी? धूर सोसणारी दुसरी बाई ह्या शहरात मिळंल का मला?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "वर चल. पाय धर. आणि पिशवी भरून ठेव. हावड्याला सोडतो तुला उद्या."

पिशवीत भरायला फारसं काही नव्हतं. मला गावाची आठवण रोज यायची, रोज परत जावंसं वाटायचं, आणि आता जायचं म्हटल्यावर भरलेले कपडे मी पुन्हा बाहेर काढत होतो. नववी नापास होऊन आलेला मुलगा, जावयाचं डोकं फोडून परत. आई दारात उभी राहून काय विचारेल ते मला ऐकू येत होतं. पण त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. जेठीमा हयातभर समजणार की ज्याला वाटीतून डाळ दिली त्यानं माझ्या लेकीच्या नवऱ्याला मुद्दाम मारलं. आणि मी मुद्दाम मारलं नाही हे माझ्याखेरीज फक्त एकाच माणसाला ठाऊक असू शकत होतं.

वर खोली भरलेली होती. नातेवाईक, शेजारी, खिडकीशी पल्टूदा. जामाईबाबू आरामखुर्चीत, भुवईवर पट्टी, चष्मा नाही, अंगात नवा पांजाबी, म्हणजे आपला झब्बा, आणि मनगटाला पिवळा दोरा. जेठीमा पाठमोऱ्या, कपाटात काहीतरी शोधत असल्यासारख्या. मामानं हात जोडले आणि तुटक्या हिंदीत सुरुवात केली, लहान आहे, अडाणी आहे, उद्या पाठवून देतो. कुणी त्याला बस म्हटलं नाही. मी पाय धरायला खाली वाकलो.

"इकडे ये," जामाईबाबू म्हणाले. "अजून जवळ. चष्मा नाही, दिसत नाहीये."

मी गुडघ्यावर बसलो. थोबाडीत बसणार म्हणून दात मिटून घेतले. त्यांनी माझे दोन्ही कान धरले, आपली मान थोडी वळवली, पट्टी नसलेली बाजू पुढं केली आणि माझ्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं. हळूच. टक् असा आवाज आला की नाही कोण जाणे. अक्का मारायची तशीच. आणि मग कान न सोडता ते सासूला म्हणाले, "मा, सोमवारी मला ऑफिसला जायचंय. शिंगं घेऊन कसा जाऊ? दुपारपासून दुसरी टक्कर राहिली होती."

आमच्याकडं जे आहे ते त्यांच्याकडंही आहे हे मला तेव्हा कळलं. दुसरी टक्कर चुकून लागलेल्यालाच देतात, मुद्दाम मारलेल्याला कुणी देत नाही. खोलीतल्या प्रत्येकाला ते लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे पुढं कुणी काही विचारलं नाही. खिडकीशी पल्टूदा तेवढा पुटपुटला, "डोळे मिटून बॉलला जातात का कधी?" आणि जामाईबाबू म्हणाले, "लग्न झाल्यापासून तसंच जातो." मिठूदीनं त्यांना पंखा फेकून मारला. मग हशा झाला. जेठीमा वळल्या. त्यांनी तो ताडाचा पंखा उचलला, पाण्यात बुडवला आणि जावयावर वारा घातला, षाट षाट म्हणत, लेकराची पीडा टळो म्हणून बंगाली आया म्हणतात तसं. आम्ही दोघं इतके जवळ होतो की ते थेंब माझ्याही तोंडावर आले. वारा घालताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. "ह्याचंही पान मांडा," त्या म्हणाल्या.

मी त्या घरात पहिल्यांदा बसून जेवलो. इलिशचा तुकडा ताटात पडला आणि मला रडू आलं. सगळ्यांनी बघितलं. मी म्हणालो, काटा अडकला. झालं, जेठीमांनी कोरड्या भाताचे गोळे करून माझ्या हातावर ठेवायला सुरुवात केली, न चावता गिळ म्हणाल्या, काटा खाली जातो. नसलेल्या काट्यासाठी मी ते गोळे एकापाठोपाठ एक गिळत राहिलो. मामा माझ्याकडं बघत होता. त्याला काट्याचं कळलं होतं असं मला वाटतं, कारण त्यानंही एक गोळा मागून घेतला.

दोन दिवसांनी जामाईबाबू निघाले तेव्हा भट्टीच्या दारात थांबले आणि मला बोलावून पुन्हा एक टक्कर दिली. "ही पहिली. दुसरी पुढच्या षष्ठीला. तोवर डोकं सांभाळ." पुढच्या वर्षी आल्याआल्या दुसरी दिली, जाताना नवी पहिली. मग ते तसंच चालू राहिलं. माझं लग्न झालं, बायको गावाकडंच राहिली, पोरं तिकडं शिकली. मामा थकून गावी गेला आणि भट्टी माझ्याकडं आली. वर्षाकाठी तीन आठवडे मी घरी, बाकी इथं. पण ज्येष्ठात एक माणूस येऊन माझे कान धरणार हे ठरलेलं होतं. फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्या टकल्या खेळाडूनं दुसऱ्याच्या छातीत डोकं घातलं ते आम्ही क्लबात टीव्हीवर बघत होतो. सगळा क्लब टीव्ही सोडून माझ्याकडं वळून बघू लागला. दुसऱ्या दिवशी जामाईबाबूंचा दुर्गापूरहून फोन. "पाहिलंस ना भेडा? बिचाऱ्याला दुसरी कुणी देणार नाही."

जेठीमा गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. श्राद्धाला जामाईबाबू आले, केस पिकलेले, भुवईवरची खूण मात्र तशीच. त्यांनी आल्यावर मागची दुसरी दिली. घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. निघताना टॅक्सी उभी होती, मिठूदी आत बसली होती. ते सवयीनं माझ्याकडं आले, कान धरले, कपाळ लावलं आणि म्हणाले, "ही पहिली. दुसरी पुढच्या..." आणि थांबले. सासूच राहिली नाही तर षष्ठी कसली आणि जावई कुठला. मी म्हणालो, "आता दोन्ही देऊन टाका." ते माझे कान सोडत म्हणाले, "नको. असू दे एक." टॅक्सी गेली.

त्या जागी आता पाच मजली इमारत आहे, ट्रामच्या मोठ्या रस्त्यावरून उंच मेट्रो जाते. माझी भट्टी दोन गल्ल्या पलीकडं आहे. इथं वर कोण राहतं मला माहीत नाही. संध्याकाळी मी भाकरी थापतो आणि कुणी विचारत नाही की टाळ्या कोण वाजवतंय. परवा केस कापायला बसलो होतो. माझा हात सारखा कपाळाकडं जात होता, केस सुरू होतात त्या जागी, डावीकडं, मग उजवीकडं. न्हाव्यानं कात्री थांबवली आणि विचारलं, "काय झालं दादा, डोकं दुखतंय?"

"नाही," मी म्हणालो. "बघतोय."